पुलावरून डावीकडे

आधी नुसता अंधार असतो. मग जहाजाचं लाकूड कुरकुरतं, कंदिलाचा पिवळट उजेड डोळ्यांत शिरतो आणि राखेच्या रंगाचा, एका डोळ्याने अधू असलेला एक कैदी आपल्यावर वाकलेला दिसतो. जिऊब त्याचं नाव. तो आपलं नाव विचारतो. पडद्यावर एक रिकामी चौकट उघडते आणि तिच्यात आपण काहीतरी टाइप करतो. मागचा इतिहास पुसलेला, कुठल्या गुन्ह्यासाठी कैदेत होतो तेही कुणी सांगत नाही. एवढ्यावर मला जमिनीवर उतरवलं जातं. इथून ‘मॉरोविंड’ सुरू होतो.

बेथेस्डाने मे 2002 मध्ये काढलेला हा गेम माझ्यापर्यंत पोचला दोन वर्षं उशिराने. मामेभाऊ परदेशातून आला तेव्हा त्याच्या बॅगेत तो खोका होता आणि खोक्यात सीडीबरोबर घडी घातलेला एक कागदी नकाशा. मी तो हॉलच्या भिंतीवर कालनिर्णयच्या शेजारी चिकटवला. मधोमध ज्वालामुखी असलेलं एक बेट, कडेने विस्कटलेला किनारा, कुठे कुठे गावांची नावं. आई पोळ्या लाटता लाटता बाहेर आली, क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, “हा कुठला गं जिल्हा?” व्हार्डनफेल, मी म्हटलं. तिने मान डोलावली आणि आत गेली. पुढची कित्येक वर्षं तो जिल्हा आमच्या भिंतीवर होता.

जहाजातून उतरल्यावर आपल्याला नेतात ते जनगणना आणि जकातीच्या कचेरीत. एक म्हातारा कारकून टेबलामागून विचारतो, तू कोण, काय करतेस, कुठल्या नक्षत्रावर जन्मलीस? आपण सांगू ते तो लिहून घेतो. अद्भुतरम्य जगात शिरायची दारं मी पुष्कळ पाहिली आहेत: जादूची कपाटं, वादळं, भुयारं. पण कचेरीतल्या फॉर्मवरून माणूस घडताना मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. शिक्का बसतो, हातात एक सीलबंद पाकीट येतं आणि सांगितलं जातं की बालमोरा नावाच्या गावी जा, तिथे केयस कोसाडेस नावाच्या माणसाला हे दे. तो कुठे राहतो? तिथल्या एका गुत्त्यात विचार.

दार उघडलं. बाहेर सेडा नीन. दलदल, कोळ्यांची खोपटी, लांब एक दीपस्तंभ. आणि कुठूनतरी येणारा एक खोल, दुखऱ्या जनावराचा असावा तसा हंबरडा. गावाबाहेर गेल्यावर कळतं की तो सिल्ट स्ट्रायडरचा आवाज आहे. उंच काटकुळ्या पायांचा, घराएवढा किडा. त्याचं कवच पोखरून माणसांना बसायला जागा केलेली असते. या बेटावरची ती एसटी. पैसे दिले तर तो बालमोराला सोडतो.

मी पैसे दिले नाहीत. चालत निघाले.

नंतरच्या काळातल्या गेमांमध्ये कुठे जायचं ते पडद्यावर बाण दाखवतो. बाणाकडे तोंड करून चालत राहिलं की काम होतं. मॉरोविंडमध्ये तसा बाण नाही. तिथली माणसं वाट सांगतात आणि ती आपल्या वहीत उतरते, बस. मूनमॉथच्या किल्ल्यावरून पुढे जा, फोयाडाच्या घळीवरचा जुना पूल लागेल, तो ओलांड, मग अवशेष दिसतील. आता ‘दिसतील’ म्हणजे नेमके कुठे? पुलावरून डावीकडे की उजवीकडे? अर्कंगथांड नावाची, ड्वेमर लोकांनी बांधलेली ती पडकी वास्तू शोधायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. सापडली तर दगडी दार उघडेना. ते शेजारची एक कळ फिरवल्यावर उघडतं, हे समजायला आणखी अर्धा तास गेला. आत जी वस्तू हवी होती ती मुठीत मावेल एवढी, एका फळीवर ठेवलेली. त्या फळीसमोरून मी तीनदा गेले होते.

हे वैतागवाणं आहे, असं पुष्कळजण म्हणतात आणि ते मला पटतंही. पण आज वीस वर्षांनी डोळे मिटले तरी मी बालमोरापासून त्या पुलापर्यंत जाऊ शकते. ओढा कुठे वळतो, चढावर कुठल्या खडकाआड डाकू बसतो, कुठून किल्ल्याचा बुरूज पहिल्यांदा दिसतो, सगळं. बाणामागे चालत मी नंतर कितीतरी जगं पार केली. त्यातल्या एकाही गावाची वेस मला आठवत नाही.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिल्यांदा राजगडला गेलो तेव्हा गुंजवण्यात एका आजोबांना वाट विचारली होती. त्यांनी हाताने हवेत एक मोठा अर्धगोल काढला आणि म्हणाले, “हितनं सरळ जावा, मोठं झाड लागंल, तिथनं वरच्या अंगाला.” झाडं चार लागली. त्या चार झाडांपाशी जो घोळ झाला, त्यामुळेच तो डोंगर माझा झाला. वाट चुकली की आपण बघायला लागतो. उतार कुठे आहे, पाणी कुठून आलं, पायाखालची माती कधी बदलली. तेच बघणं मी त्या बेटावर करत होते आणि दोन्हीकडे पायाखाली लाव्हाच होता. आपल्या दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला, तिथला फोयाडा म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर उरलेली काळी घळ. फोयाडा ममायातून राखेच्या वादळात, हाताने तोंड झाकून वर चढणारी माणसं गेममध्ये दिसायची तेव्हा मला ती ओळखीची वाटायची.

त्यात धुकं. 2002 च्या कॉम्प्युटरांना लांबचं काही दाखवणं झेपत नसे, म्हणून काही पावलांपलीकडचं सगळं धूसर पांढरं ठेवलेलं. यंत्राची ती अडचण होती. पण त्या अडचणीतून बेटाला जो आवाका मिळाला तो मोठा होता. धुक्यातून आधी एक काळपट आकार उमटायचा. झाड असेल, नाहीतर बुरूज, नाहीतर आळंबीचा मनोरा. जवळ जाईपर्यंत श्वास रोखलेला. पुढे चाहत्यांनी हा गेम नव्याने चालवणारं ‘ओपनएमडब्ल्यू’ तयार केलं. त्यात दूरचा मुलूखही दिसू शकतो. मी हौसेने ते चालू केलं, सेडा नीनच्या बाहेर टेकडीवर चढले आणि थबकले. सगळंच जवळ होतं. जिथे पोचायला मला रात्री लागल्या होत्या ती ठिकाणं एकाच नजरेत मावत होती. त्या टेकडीवर मी बराच वेळ उभी राहिले आणि मग ते बंद केलं. धुकं परत आलं.

मॉरोविंडच्या आधीचा, याच मालिकेतला ‘डॅगरफॉल’, 1996 चा, प्रचंड होता. हजारो गावं, सगळी सूत्रांनी आपोआप घडवलेली. मॉरोविंड करताना टॉड हॉवर्ड आणि मुख्य रचनाकार केन रोल्स्टन यांच्या चमूने उलटी वाट धरली. जमीन लहान ठेवली आणि हाताने घडवली. रोल्स्टन मुळात कागद-फाशांच्या खेळांमधून आलेले. ते फासे गेमच्या पोटात अजून खुळखुळतात. सुरुवातीला तलवार समोरच्या उंदराच्या अंगावरून जाताना दिसते आणि तरी वार लागत नाही, कारण आत कुठेतरी आकडा कमी पडलेला असतो. धावत धावत आलात तर दम गेलेला, मग आणखीच हुकणार. पण जे कराल ते वाढतं. उड्या मारत राहिलात तर उडी वाढते, घासाघीस करत राहिलात तर जीभ वाढते. मी बालमोराला पोचेपर्यंत सारखी उड्या मारत गेले होते. महिनाभराने मी छपरांवरून चालत होते.

आणि तारहिएल. सेडा नीनहून बालमोराकडे चालत गेलं तरच तो भेटतो. रस्त्यात अचानक वरून किंकाळी येते आणि निळसर झग्यातला एक माणूस आकाशातून समोर आदळतो. मेलेला. त्याच्यापाशी रोजनिशी आणि तीन गुंडाळ्या. गुंडाळीवरचा मंत्र म्हटला की काही सेकंदांपुरती उडी इतकी वाढते की अर्धं बेट पायाखालून सरकतं. उतरताना काय करायचं, याचा विचार त्याने केला नव्हता. मी त्या चिखलात उभी राहून त्याची रोजनिशी वाचली. त्याला कुणी हिणवलं होतं, त्याला काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं. या प्रसंगाचा मूळ कथेशी काहीही संबंध नाही, किड्यावर बसून गेलेल्याला तो कधी कळणारही नाही. तरी कुणीतरी ते लिहिलं, चालत जाणाऱ्यासाठी तिथे ठेवलं. माझी या गेमवरची माया तिथेच जडली.

बेटावरचे लोक, डनमर, करड्या कातडीचे आणि लाल डोळ्यांचे. राख गिळल्यासारखा त्यांचा आवाज. ते मला उपरी म्हणत. किल्ले, राजकन्या, हिरवी कुरणं असल्या युरोपी परिकथेच्या ओळखीच्या खुणा तिथे फार थोड्या. टेलव्हानी जादूगार वाढवलेल्या आळंब्यांच्या मनोऱ्यांत राहतात आणि मनोऱ्याला जिना नसतो. उडता येत नसेल त्याने वर येऊच नये. आल्ड-रूनमध्ये मेलेल्या अवाढव्य खेकड्याच्या कवचात वाडे आहेत. पूर्वजांची भुतं घराची राखण करतात. गुलामांचा बाजारही आहे. या गोष्टी कुणी थांबून समजावत नाही, त्या पुस्तकांतून, अफवांतून, शेजाऱ्यांच्या भांडणांतून उमगत जातात. नव्या गावात राहायला आलेल्या माणसाला गाव कळतं तसं.

दक्षिणेला पाण्यावर उभं असलेलं मोठं शहर विवेक, त्याच नावाच्या जिवंत देवाचं. आपल्या कानाला हे नाव किती जवळचं लागतं! अर्धं अंग सोन्याचं, अर्धं राखेचं, मांडी घालून जमिनीपासून वर तरंगणारा. त्याच्या मंदिरावर एक प्रचंड शिळा आकाशात थांबलेली आहे; खाली पडणारी ती त्याने नुसत्या सामर्थ्याने रोखून धरली, अशी श्रद्धा. आणि त्या शिळेच्या पोटात कोरलेला तुरुंग. तिथे पाखंड्यांना कोंडतात. शहराच्या पुलांवरून चालताना ती शिळा सतत डोक्यावर असते. मी तिच्याखालून नेहमी थोडी घाईने जायचे.

याच मंदिराची एक यात्रा मला सगळ्यांत प्रिय आहे. मंदिरात दाखल झालेल्याला एक व्रत दिलं जातं: उत्तरेच्या समुद्रातल्या बेटावर एक देवस्थान आहे, तिथपर्यंत कुणाशीही एक शब्द न बोलता जायचं. बोललं की व्रत मोडलं. आता हा सगळा गेम उभा आहे तो विचारण्यावर. वाट विचार, अफवा विचार, बोटवाल्याला भाडं विचार. ते सगळं बंद. बोटवाल्याशी बोलायचं नाही म्हणजे बोट नाही, किडा नाही. पायी जायचं, समुद्र लागला की पोहायचं. तोपर्यंत मी शेकडो वेळा वाट विचारली होती. त्या विचारलेल्या वाटांवरून आता न विचारता निघाले. वाटेत माणसं उभी असत, एरवी जिथे मी थांबले असते तिथे. त्यांच्या बाजूने निघून जायचं. पावसाचा आवाज, स्वतःच्या पावलांचा आवाज, मधूनच जेरेमी सोलचं ते मंद, दुरून आल्यासारखं संगीत. मी कधी वारीला गेलेले नाही. माझी आजी जात असे. देहूपासून पंढरपूरपर्यंतच्या मुक्कामांची नावं तिला क्रमाने पाठ होती आणि ती म्हणायची, ती नावं पायांना पाठ आहेत. त्या रात्री देवळाच्या दगडी त्रिकोणापाशी पोचले, तेव्हा तिची आठवण आली.

मूळ कथा सांगायची तर नेरेवार नावाच्या जुन्या सेनापतीचा पुनर्जन्म होणार आणि तो लाल पर्वतातल्या डॅगोथ उरला संपवणार, असं भाकीत आहे. तो पुनर्जन्म म्हणजे कदाचित आपण. हा ‘कदाचित’ गेम शेवटपर्यंत सोडत नाही. नेरेवार कसा मेला, याच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. मंदिराची एक, राखेच्या माळावरच्या भटक्या टोळ्यांची दुसरी, शत्रूची तिसरी. निकाल कुणी देत नाही. ज्या गुहेत ओळख पटायची तिचं दार फक्त पहाटे आणि तिन्हीसांजेला उघडतं, आणि आत आपल्याआधी आलेल्यांची प्रेतं बसलेली असतात. तेही सगळे नेरेवार होते, किंवा तसं त्यांना वाटलं होतं. त्यांची भुतं बोलतात, कुणाचं कुठे चुकलं ते सांगतात, जवळचं काही देतात. मी प्रत्येकापाशी थांबले. त्यांच्यात आणि माझ्यात जन्माचा काही फरक असेल असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. ते जरा कमी चालले होते एवढंच.

अखेर लाल पर्वताच्या पोटात डॅगोथ उर समोर येतो तो सोन्याचा मुखवटा लावून. लगेच अंगावर येत नाही. जुना मित्र घरी आल्यासारखा बोलतो आणि विचारतो, तू खरोखर नेरेवार आहेस का? पहिल्या दिवशी जहाजावर नाव विचारलं होतं, तेव्हा चौकटीत काहीतरी टाइप करून मोकळी झाले होते. आता उत्तरं तयार होती, त्यातलं एक निवडायचं होतं. आहे. नाही. माहीत नाही.

घरात सगळे झोपले होते. मी माऊसवरचा हात काढून घेतला आणि भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. घड्या फाटत आल्या होत्या, पेन्सिलीच्या खुणांनी तो भरून गेला होता, बालमोराजवळ बोट फिरवून फिरवून कागद पातळ झाला होता. मग मी तिसरं उत्तर निवडलं.

लढाई झाली. बाहेर आले तर वादळ थांबलं होतं. त्या पर्वतावर मी निरभ्र आकाश पहिल्यांदा पाहत होते. परत यायला मंत्र होता, एका शब्दासरशी मी मंदिरात पोचले असते. फोयाडातून खाली चालत निघाले. उजाडेपर्यंत तो जुना पूल डोक्यावरून गेला आणि बालमोराची कौलं दिसायला लागली.