कोऱ्या कागदाचा अभिमान

माणसाला तुलना केल्यावाचून चैन पडत नाही. हापूस गोड की पायरी, बैलाची ताकद जास्त की रेड्याची, असले वाद आपण हौसेने घालतो आणि त्यांचा निकाल लागला नाही म्हणून कोणाचे काही अडत नाही. पण याच जातीचा एक वाद असा आहे की त्याच्या निकालावर पुष्कळांचे पुष्कळ अडते. कोणत्या कलेला प्रतिभा अधिक लागते, हा तो वाद.

या पंगतीत कादंबरीकाराचे पान नेहमी वरच्या ओळीत मांडलेले असते. परवा एक गृहस्थ मला म्हणाले, "गवई दुसऱ्याची बंदिश गातो, नट दुसऱ्याची वाक्यं बोलतो. मूर्तिकारालासुद्धा निदान माती लागते. तुमचं बघा! कोरा कागद घेतला की झालं."

ऐकायला गोड वाटते. पण ज्याने कधी कादंबरी लिहिली आहे त्याला विचारा, कागद खरोखर किती कोरा असतो! मी लिहावयास बसतो तेव्हा माझ्या आधी शेकडो वर्षे माणसे बोलून गेलेली असतात. म्हणी आजीने दिलेल्या असतात. माझ्या कादंबरीतली तोंडाळ आत्या तुमच्याही गावात असते; मी फक्त तिचे नाव बदलतो. शिवाय माझ्यापाशी एक मोठी सवलत आहे. एखादे वाक्य जमले नाही तर मी ते खोडतो. आठ वेळा खोडून नवव्यांदा लिहितो आणि वाचक ते नववे वाचून म्हणतो, काय सहज सुचले आहे!

आता गवयाकडे या. त्याच्या हाती दोन ओळींची अस्ताई आणि दोन ओळींचा अंतरा. शब्द बहुधा सासूनणंदेचे, नाहीतर परदेशी गेलेल्या पियाचे. राग ठरलेला. भूप गावयाचा तर मध्यम आणि निषाद वर्ज्य, उरले पाच स्वर. आणि मौज अशी की देशकारालाही नेमके हेच पाच स्वर. गंधारावर भर दिला की संध्याकाळचा भूप. धैवतावर जोर गेला की सकाळचा देशकार. विलंबित एकतालाच्या १२ मात्रा सरल्या की समेवर आलेच पाहिजे. एवढी कुंपणे घालून त्याला सांगावयाचे, आता तासभर गा, आणि एकदा आलेले पुन्हा तसेच येऊ देऊ नको. शिवाय तोंडातून गेलेला स्वर खोडता येत नाही. भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. पुस्तक कोणालाही मिळते. तरी तीच बंदिश दोन गळ्यांतून ऐकली की दोन वेगळी गाणी होतात. पुस्तकात नव्हते ते आले कोठून?

तुम्ही म्हणाल, ही सारी सजावट झाली. मूळ निर्मिती बंदिश बांधणाऱ्याची. या हिशेबाने जावयाचे तर पहिली अडचण ज्ञानेश्वरांचीच येते. त्यांच्यापुढे गीता होती. श्लोक ७००, क्रम ठरलेला, अर्थावर थोर आचार्यांची भाष्ये झालेली. इ. स. १२९० मध्ये नेवाशाला त्या श्लोकांवर सुमारे ९००० ओव्या झाल्या. ग्रंथाचा प्रकार विचाराल तर टीका. आपल्या पंगतीत टीकाकाराला दाराजवळचे पान, आणि मराठी माणसाने डोक्यावर घेतला तो मात्र हाच ग्रंथ!

नाटकाचेही तेच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' आणले. कथा महाभारतातली, नाटक कालिदासाचे. पण मराठी संगीत रंगभूमी खऱ्या अर्थाने उभी राहिली ती त्याच खेळाने. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मागे (१९७०) शेक्सपिअरचा लिअर राजा उभा आहे, हे कोणापासून लपलेले नाही. म्हणून गणपतराव बेलवलकर परके झाले का? पुढे डॉ. श्रीराम लागू यांनी ते उभे केले, दत्ता भट यांनीही केले. संहिता एकच. पण ज्यांनी दोघांना पाहिले ते आजही दोन निरनिराळ्या म्हाताऱ्यांबद्दल बोलतात.

एकदा पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलो होतो. एकाच साच्यातून निघालेल्या मूर्ती फळीवर ओळीने मांडलेल्या. सोंड तीच, पोट तेच, पाटही तोच. टोकाला एक वयस्क कारागीर डोळ्यांची आखणी करीत होता. बाकीचे सारे साच्याने आधीच ठरवून ठेवलेले. त्याच्या वाट्याला आलेली जागा नखाएवढी. कुंचला टेकेपर्यंत ती शाडू होती. बुबुळ उमटले आणि ती माझ्याकडे पाहू लागली. शेजारच्या मूर्तीचे डोळेही त्यानेच आखले होते, पण तिची नजर निराळी होती. बुबुळ केसभर इकडेतिकडे झाले तर देव तिरळा व्हावयाचा. त्या नखाएवढ्या जागेत त्याने जे केले ते माझ्या तीनशे पानांपेक्षा कमी, असे कोणत्या मापाने ठरवावयाचे?

मला वाटते, कलावंताला किती मोकळीक होती हे आपण मोजतो आणि त्यालाच प्रतिभा म्हणतो. मोजावयाचे ते दुसरेच असते. जे हाती आले आणि जे हातून गेले, या दोहोंतले अंतर. ते अंतर कोऱ्या कागदावर शून्य असू शकते आणि साच्यातल्या मूर्तीवर अपार.

हा वाद शाळेत आला की त्याला धार चढते. गेल्या वर्षी आमच्या शिक्षकांच्या बैठकीत वेळापत्रक ठरत होते. गणिताला जादा तास हवा होता. कोणी म्हणाले, संगीताचा घ्या, तिथे काय, घोकंपट्टी! निबंधात मुलांच्या कल्पनेला वाव तरी असतो. मी मराठी शिकवतो, तेव्हा माझा तास सुरक्षित होता. गप्प बसलो असतो तरी चालले असते. पण त्याच आठवड्यात मी 'पहिला पाऊस' या विषयावरचे ४२ निबंध तपासले होते. ४२ कोरे कागद, आणि बहुतेकांवर तोच मातीचा सुगंध, तीच कागदाची होडी, मार्गदर्शकातून जशीच्या तशी उतरलेली. नववीतल्या एका मुलाला मी दहापैकी चार गुण दिले होते. तोच मुलगा संगीताच्या खोलीत तबल्यावर तीनतालातला कायदा वाजवताना मी दाराबाहेरून ऐकला होता. कायद्यात जे बोल असतील तेवढेच घेऊन पलटे करावयाचे. बाहेरचा बोल आत आला की कायदा मोडला. त्या मुलाने तेवढ्याच बोलांतून एक पलटा असा काढला की त्याचे सरही हसले. तो त्यांनी शिकवलेला नव्हता.

हे सारे मी बैठकीत सांगितले. दोन तासांपैकी एक गेला, एक राहिला. तो मुलगा अजून वाजवतो. निबंध तेवढा अजून चारांवर अडलेला आहे.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक निर्माण करणाराची, कारयित्री, दुसरी आस्वाद घेणाराची, भावयित्री. आपले बहुतेक वाद पहिलीच्या मापावरून होतात आणि दुसरीच्या टंचाईने वाढतात.

हा अंक हाती पडेल तेव्हा तुमच्या दारात ठिपक्यांची रांगोळी असेल. ठिपके मोजून घातलेले, आकृती आईकडून आलेली, संध्याकाळपर्यंत पुसली जाणारी. अंकातल्या कथा-कविता कोठे पळून जात नाहीत. आधी ती रांगोळी जरा थांबून पाहा, आणि एखादी रेघ आईच्या रांगोळीहून निराळी वळलेली दिसली तर जिने काढली तिला तसे सांगा.