कोलंबोतलं बंडखोरांचं घर

गिरगावातले एक जुने चित्रकार गप्पांच्या ओघात म्हणाले, "अगं, आपला प्रोग्रेसिव्ह ग्रुप 1947चा. कोलंबोची मंडळी त्याच्या चार वर्षं आधीच जमली होती!" श्रीलंका म्हणजे रावण, चहा आणि जयसूर्या, यापुढे माझी मजल नव्हती. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. शेवटी स्वस्तातलं तिकीट दिसलं आणि मी निघाले.

वेल्लवत्तेतली खोली 'सी व्ह्यू' म्हणून घेतली होती. समुद्र दिसायचा, पण न्हाणीघराच्या खिडकीतून, तोही पालथ्या बादलीवर उभं राहिलं तर. मध्ये रेल्वेचे रूळ. पहाटेची लोकल जणू उशीखालूनच जायची. तक्रार केली की मालकीणबाई हसून आणखी एक आप्पम वाढायच्या. समाधान एवढंच, की 1929-30च्या सुमाराला चिली देशाचा कॉन्सल म्हणून आलेला पाब्लो नेरुदा याच वेल्लवत्तेत राहत होता. एकटेपणाने पार पिचला होता बिचारा. त्याला पुस्तकं धाडायचा लायनेल वेंड्ट.

या वेंड्टसाठीच तर मी आले होते. जन्म 1900चा. लंडनहून बॅरिस्टर होऊन आणि पियानो शिकून 1924मध्ये परतला, वकिली सोडून बाकी सगळं केलं. फोटोग्राफीत त्याने अंधाऱ्या खोलीतले नाना प्रयोग केले. 'साँग ऑफ सिलोन' या 1934च्या गाजलेल्या माहितीपटातला निवेदनाचा आवाज त्याचाच. गिल्डफर्ड क्रेसेंटवर त्याचा बंगला होता, 'अल्बोरादा'. तिथेच 29 ऑगस्ट 1943ला बंडखोर चित्रकारांचा '43 ग्रुप' जन्मला. पुढच्याच वर्षी वेंड्ट गेला. त्याच्या निगेटिव्हही नंतर नष्ट झाल्या. बंगल्याच्या जागी आज त्याच्या नावाचं नाट्यगृह आहे.

बंड कशाविरुद्ध होतं? सिलोन सोसायटी ऑफ आर्ट्सच्या प्रदर्शनांत मांडल्या जाणाऱ्या गुळगुळीत व्यक्तिचित्रांविरुद्ध, साहेबी अभिरुचीविरुद्ध. गंमत अशी, की त्या अभिरुचीला पहिला सुरुंग लावला तो साहेबाच्याच पगारी माणसाने. चार्ल्स फ्रीग्रोव्ह विन्झर हा शिक्षणखात्याचा मुख्य कलानिरीक्षक. 1920च्या दशकात त्याने कोलंबोच्या तरुणांना आधुनिक चित्रकलेची गोडी लावली, जॉर्ज कीटसारख्या चित्रकारांची पाठ थोपटली.

गॉल फेस, गंगारामय, पेट्टाचा बाजार हे सगळं अर्ध्या दिवसात उरकलं. त्यातही रिक्षावाल्याने "फक्त बघा, मॅडम" म्हणत नीलमण्यांच्या दुकानात नेलंच. वेळ राखून ठेवला होता तो बोरेल्लाच्या गोतमी विहारासाठी. वेंड्टचा मित्र हॅरॉल्ड पीरिस याने कीटला इथल्या भिंती रंगवायला दिल्या, 1939-40मध्ये. चपला काढून आत गेले. सगळीकडे बुद्धचरित्र. छाया-प्रकाशाची कारागिरी जवळजवळ नाहीच, सगळा कारभार रेषेचा. एक रेघ कपाळावरून निघते आणि नाक, ओठ, हनुवटी करत खांद्यावर उतरते. लांबट, अर्धमिटले डोळे पाहून अजिंठा आठवतो. पण अंगांचे ठाशीव आकार सांगतात की या माणसाने पिकासोही पाहिलाय. कीटचं मुंबईशीही नातं जडलं: त्याने इंग्रजीत आणलेलं सचित्र 'गीतगोविंद' 1947मध्ये मुंबईत छापलं गेलं आणि त्याच्यावरचा मार्टिन रसेलचा ग्रंथ 1950मध्ये 'मार्ग'ने काढला.

एका निवृत्त कलेतिहासकारांची वेळ मिळाली होती. चहा येण्याआधीच त्यांनी तोंड उघडलं. "43 ग्रुप म्हणजे बोटीने आलेली पॅरिसची फॅशन. खरी सुरुवात आनंद कुमारस्वामींची. मध्ययुगीन सिंहली कलेवरचा त्यांचा ग्रंथ 1908चा."

"पण सर, त्याच्या प्रती 425, त्याही इंग्लंडातल्या एका खेड्यात विल्यम मॉरिसच्या यंत्रावर छापलेल्या. त्या वाचून कोलंबोत कुंचला कोणी उचलला? आणि पॅरिसची फॅशन म्हणता, मग ग्रुपमधला भिक्खू मंजुश्री कुठला? तो तर देवळादेवळांतली जुनी भित्तिचित्रं उतरवून घेत हिंडला."

"मंजुश्री अपवाद. बाकी सगळी इंग्रजी बोलणाऱ्या बड्या घरची मुलं. गोतमीची भिंत तरी दिली कोणी? वेंड्टच्या दोस्तानेच ना?"

हा मुद्दा त्यांनी माझ्या विरोधात टाकला, पण मला तो सोन्यासारखा वाटला. चळवळीची कहाणी आपण जाहीरनाम्यापासून सुरू करतो. त्याआधी कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसायला जागा लागते, पुस्तकं लागतात, पहिलं काम देणारा लागतो. मुंबईतही लँगहॅमर, लायडेन, श्लेसिंगर या युरोपातून परागंदा झालेल्यांनी हुसेन-सूझांच्या पिढीला हात दिलाच की.

दुसऱ्या दिवशी सिगिरियाला जायचं ठरलं होतं. पहाटेची गाडी सोडून दिली आणि बार्न्स प्लेसवर ग्रुपमधला चित्रकार हॅरी पीरिस याच्या घरी गेले. हे सपुमल फाउंडेशन. हॅरी मुळात मुदलियार अमरसेकरांचा, म्हणजे जुन्या अकॅडमिक वळणाच्या गुरूचा शिष्य; पुढे लंडन, पॅरिस, शांतिनिकेतन करून आलेला. त्याने स्वतः ग्रुपचा कारभार सांभाळला आणि सोबत्यांची चित्रं याच घरात जपून ठेवली. पाहता पाहता दुपार उलटली, जेवणाचंही भान राहिलं नाही.

न राहवून त्या कलेतिहासकारांना फोन लावला. "सर, बंडाचं दप्तर सांभाळायलाही घर लागतं."

"लागतं ना. पण घर श्रीमंताचंच निघालं की नाही?"

आमचा वाद आता ईमेलवर चालू आहे. सिगिरिया राहिलं ते राहिलंच.