अळणी रक्त

आमचे थोरले बंधू जन्मात मद्याच्या वाटेस गेले नाहीत. तरीही एकसष्टाव्या वर्षी त्यांचे यकृत आक्रसल्याचे निदान झाले, तेव्हा इंदूरच्या आमच्या आप्तमंडळींत जी कुजबुज झाली, ती आम्ही विसरलेलो नाही. मधुमेहाने, स्थूलपणाने, काविळीच्या काही विषाणूंनीही हा रोग होतो, हे सांगावे तरी किती जणांना?

पोटात पाणी साचू लागले. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, असे डॉक्टरांनी बजावले. पोह्यांवरची शेव बंद झाली, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. पुढे रक्ततपासणीत सोडियम १२६ आले. एरवी ते १३५ ते १४५ असावयाचे. तो कागद वाचून आम्हीच शहाणपण केले. रक्तात मीठ कमी, तर ते द्यावयास नको का? वहिनी नको म्हणत असता आम्ही दादांना दोन्ही वेळा चांगले मीठ घातलेले ताक देऊ लागलो. आठवड्याभरात लेंग्याची नाडी पुरेनाशी झाली. वजन तीन किलोंनी वाढले.

डॉक्टर रागावले नाहीत, हेच आम्हांस अधिक लागले. त्यांनी समजावून सांगितले ते असे : कठीण झालेल्या यकृतातून रक्त सहज पुढे सरकत नाही. आतड्यांकडील रक्तवाहिन्या सैलावतात व रक्त तेथेच रेंगाळते. अंगात द्रव मुबलक असूनही मूत्रपिंडांना वाटते, दुष्काळ पडला. ती रेनिन सोडतात. त्या साखळीच्या शेवटी मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी अल्डोस्टेरॉन स्रवतात, आणि मूत्रावाटे जाणारे मीठ परत ओढून घेतले जाते. मेंदूतून येणारे व्हॅसोप्रेसिन पाणी अडविते. मिठाहूनही पाणी जास्त अडले की रक्त अळणी होते. म्हणजे दादांच्या अंगात मीठ कमी नव्हतेच, उलट उतू चालले होते! नऊ ग्रॅम मीठ सुमारे लिटरभर पाणी धरून ठेवते, हे ऐकताना आम्ही मनातल्या मनात ताकाचे पेले मोजीत होतो.

वहिनींनी सैंधवाचे विचारले. तेही सोडियमच. ‘कमी सोडियम’ म्हणून विकत मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, आणि अल्डोस्टेरॉनला आवर घालणारे स्पायरोनोलॅक्टोन, जे दादांना चालू होते, पोटॅशियम अंगातच राखते. ते फार वाढले तर हृदयाचा ठोका बिघडतो. तो पुडाही घरातून गेला.

सुईने सहा लिटर पाणी काढावे लागले. सोबत शिरेतून अल्ब्युमिन दिले.

परवा लिंबू पिळलेले अळणी पोहे संपवून दादा आम्हांस म्हणाले, “शेवेची पिशवी कोठे लपविली आहेस, ते मला ठाऊक आहे.” वहिनींनी मुकाट्याने ताटली उचलली.