परमुलखातला वाटाड्या

परदेशाची तिकिटं हातात पडली की घरोघरी पहिली चर्चा होते ती फोनची. इथल्याच सिमवर रोमिंगचा पॅक मारायचा, की विमानतळावर उतरल्यावर तिथलं सिम घ्यायचं, की निघण्याआधीच ई-सिम टाकून ठेवायचं? रोज किती जीबी पुरेल? ओळखीत कुणी जाऊन आलं असेल तर त्याला विचारून होतं, दरांची तुलना होते. गाइडचा विषय निघतो तो अगदी शेवटी, आणि बहुधा ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणून मिटतो. मला हा क्रम उलटा वाटतो. फोनची सोय एका संध्याकाळी उरकण्यासारखी असते. काही आठवडे आधीपासून, पत्रापत्री करून, मन लावून ठरवायचा तो त्या गावचा माणूस. उदाहरण मुद्दाम जपानचं घेतो, कारण तिथं फोनची व्यवस्था इतकी चोख आहे की गाइडची गरज कुणाला पटणं सगळ्यांत कठीण.

आधी ती संध्याकाळ उरकून टाकू. जपानमध्ये ओळख पटवल्याशिवाय बोलण्याचा नंबर मिळत नाही, म्हणून पर्यटकांना मिळणारी बहुतेक सिम फक्त डेटाची असतात. त्यांच्यावर एसएमएस येत नाही. तेव्हा बँकेच्या ओटीपीसाठी घरच्या सिमचं रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करावं, त्यावरचा डेटा मात्र बंद ठेवावा, आणि इंटरनेट दुसऱ्या सिमवर चालवावं. ई-सिमचा क्यूआर कोड घरच्या वायफायवरच स्कॅन करून ठेवावा, कारण ई-सिम उतरवून घ्यायलाही इंटरनेट लागतं. आणखी एक बारकावा हमखास राहून जातो. जपानी माणूस व्हॉट्सॲपवर क्वचित भेटतो. तो असतो ‘लाइन’वर. मार्च 2011 च्या भूकंपानंतर, त्याच वर्षी जूनमध्ये हे ॲप आलं आणि घरोघरी पोचलं. त्याचं खातं उघडताना नंबरवर कोड यावा लागतो, आणि डेटाच्या सिमवर तो येणार नाही. म्हणून ‘लाइन’ इथंच, आपल्या नंबरावर उघडून जावं. ठरवलेला गाइड स्टेशनच्या कुठल्या दाराशी उभा आहे, ते ‘लाइन’वरच कळणार असतं. भूकंपाच्या इशाऱ्यांसाठी ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप घ्यावं. पोलिसांसाठी 110, आग आणि रुग्णवाहिकेसाठी 119. झालं.

एवढी तयारी असली की फोन तिथं फार मोठं काम करतो, आणि ते मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. गाडी कुठल्या फलाटावरून सुटते, कुठल्या डब्यात बसलं तर उतरल्यावर जिना जवळ पडेल, इथपर्यंत तो सांगतो. एकट्यानं फिरणाऱ्या बाईला किंवा औषधांवर असलेल्या आजोबांना हा आधार मोलाचा आहे. पण फोन विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि परमुलखात नेमकं विचारायचं काय, हेच ठाऊक नसतं. शाकाहारी माणसाचं घ्या. ‘मांस नको, मासे नको’ हे फोन शुद्ध जपानीत बोलून दाखवतो, दुकानदार आदबीनं मान लववतो, आणि समोर नूडल्सचा वाडगा येतो. वर कांद्याची पात, पालेभाजी, टोफू. मासा औषधालाही दिसत नाही. पण खालचं पाणी असतं दाशीचं, वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांतून काढलेलं. यात फसवणूक कुणीच केलेली नसते. त्या स्वयंपाकघरात दाशी इतकी गृहीत धरलेली आहे की ती माशात मोडते, हे अनेकदा लक्षातच येत नाही. तिथला जाणता माणूस सोबत असेल तर तो दाशीबद्दल स्वतःहून विचारतो, आणि कोंबू नावाच्या समुद्री शेवाळावर किंवा शिताके अळंब्यांवर रस्सा काढणारं ठिकाण आधीच हेरून ठेवतो.

नारा गावातल्या तोदाइजी मंदिराचंही तसंच. क्योटोहून पाऊण तासात तिथं पोचता येतं, हरणांच्या कळपांतून चालत मंदिर गाठता येतं, आणि सुमारे पंधरा मीटर उंचीच्या कांस्य बुद्धासमोर उभं राहता येतं. उंची, सन, वजन फोनवर आहेच. गावचा गाइड मात्र आधी समोर कोण उभं आहे ते पाहतो. पाहुणे भारतातले आहेत म्हटल्यावर तो बोधिसेनाकडे वळतो. हा भारतीय भिक्षू 736 साली जपानला पोचला, आणि 752 मध्ये या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. त्याच्या कुंचल्याला लांबच लांब दोर बांधले होते, आणि जमलेल्या लोकांनी ते धरले होते, डोळे रेखण्याच्या पुण्यात प्रत्येकाचा हात असावा म्हणून. तो कुंचला आणि तो निळा दोर मंदिरामागच्या शोसोइन भांडारात आजही जपलेले आहेत. मग तो ओसरीत उजवीकडे नेतो. तिथं लाल कापड पांघरलेली एक लाकडी बैठी मूर्ती आहे. हा बिंझुरू, म्हणजे बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज. आपलं जे दुखतं तिथं मूर्तीला हात लावायचा, मग तोच हात स्वतःच्या अंगावरून फिरवायचा. ही माहिती फोनमध्ये नाही असं मुळीच नाही. पण बोधिसेनाचं नावच ठाऊक नसेल तर ते शोधणार कोण?

खर्चाचा आक्षेप खरा आहे; पूर्ण दिवसाचा व्यावसायिक गाइड चांगलाच महाग पडतो. पण जपानात स्वयंसेवक गाइडांचे गट गावोगावी आहेत. विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त मंडळी हे काम मानधन न घेता करतात. त्यांचं प्रवासभाडं, प्रवेशशुल्क आणि जेवण आपण द्यायचं. नारात असे गट आहेत. दुसरी शंका असते गाइडच्या लायकीची: पाठ केलेलं म्हणून दाखवेल, ओळखीच्या दुकानात नेईल. जपानात 1949 पासून गाइड-दुभाष्यांसाठी कायदा आणि सरकारी परीक्षा आहे. 2018 पासून परवान्याशिवायही पैसे घेऊन हे काम करता येतं, त्यामुळे पारखण्याची जबाबदारी प्रवाशावर आली. म्हणूनच ‘गेल्यावर बघू’ परवडत नाही. राहिला आपला टूर मॅनेजर. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या सहलींत हा माणूस वरण-भातापासून हरवलेल्या पासपोर्टापर्यंत सगळं निभावतो, आणि त्याच्याचमुळे कितीतरी आई-वडिलांना जग पाहता आलं. त्याचं ऋण मोठं आहे. पण चाळीस माणसांची मोट बांधून ठेवणं हे त्याचं काम. त्या गावात राहिल्याचं ज्ञान त्याच्याकडून मागणं अन्यायाचं होईल. आणि मोकळीक जाईल अशी ज्यांना भीती वाटते, त्यांनी गाइड अर्ध्याच दिवसाचा घ्यावा.

मात्र त्याला लिहिताना नुसती तारीख आणि माणसांची संख्या कळवून थांबू नये. आईला पायऱ्या किती झेपतात, कांदा-लसूण चालतं का, मुलाला इतिहासापेक्षा सुतारकामात रस आहे का, हे सगळं लिहावं. त्यावरून दिवस आखला जातो. गुडघे दुखत असतील तर तो तोदाइजीच्याच आवारातल्या निगात्सुदो या देवालयाच्या दगडी पायऱ्या वगळतो. सुतारकामाची आवड असेल तर 1709 मध्ये पुन्हा उभारलेल्या महाबुद्धाच्या दालनातले प्रचंड खांब दाखवत रेंगाळतो. आणि मुक्काम मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर उलट कळवतो: परतीची गाडी रात्री उशिराची घ्या, संध्याकाळी निगात्सुदोच्या सज्ज्यात मशाली निघतात, त्या पाहूनच जा.