चेटकिणीची टोपी

गेल्या डिसेंबरात दौंडहून नातीचा फोन आला, "आजोबा, मी चेटकीण झाले!" परी झाल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या आवाजात ऐकलेला नाही. शाळेच्या संमेलनात परीकथेचे नाटुकले होते. नाक, टोपी आणि खांद्यावरची झूल घरून न्यायची होती आणि हे खाते मला न विचारताच माझ्याकडे सोपवून झाले होते. शिरूरच्या पेन्शनराला वेळच वेळ असतो, असा दौंडकर मंडळींचा समज आहे.

मी बारीकशी हरकत घेतली. आमच्या आजीच्या गोष्टीतली चेटकीण केस मोकळे सोडून यायची. तिने टोपी घातल्याचे मला आठवत नाही. पण नातीने इंग्रजी चित्रांच्या पुस्तकातली टोकदार टोपी पाहून ठेवली होती. "अहो आजोबा, टोपीशिवाय चेटकीण कळणार कशी?" यावर मी काय बोलणार? मराठी चेटकिणींचे घराणे तसे मोठे आहे. १९५९ साली रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'त सुधा करमरकर स्वतः चेटकीण झाल्या. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'तली चिंची दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि २०१८ मध्ये ते नाटक नव्याने आले तेव्हा वैभव मांगल्यांनी. आता त्यात आमच्या चौथीतल्या बाईंची भर.

नाक छान जमले. पूर्वी बायका रद्दी कागद आणि मेथ्या भिजवून, वाटून टोपल्या करीत, तीच युक्ती. मातीचे वाकडे नाक घडवले, त्याला तेलाचा हात लावला आणि वर लगदा थापला. खळीला कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर मोरचूद घालतात, पण हे मुलीच्या तोंडावर बसायचे, म्हणून ते विष टाळले. शिरूरचे ऊन कोरडे. तिसऱ्या दिवशी नाक खडखडीत वाळले. टोकाला एक हरभरा चिकटवला, तो चामखीळ. मेथीचा वास तेवढा गेला नाही.

टोपीने मात्र दमवले. पुठ्ठ्याचा शंकू झाला, त्यावर पतंगाचा काळा कागद चिकटवला आणि वाळायला अंगणात ठेवून विसरलो. सकाळी दवाने त्याची पार रया गेली होती. बाजारातून काळे सॅटिन आणले, तर ते असे चकाके की चेटकीण लग्नाला निघाल्यासारखी दिसावी. संमेलन परवावर आले. तेव्हा मी ट्रंक उघडली.

ट्रंकेत हिची चंद्रकळा होती. लाल काठाची, नऊवारी. हिला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. ट्रंक कुणी उघडली नव्हती, लेक दर वेळी म्हणे, "अण्णा, पुढच्या खेपेला बघू." काळा रंग कसा असावा, तर असा. मी कात्री घेतली. फार विचार केला असे सांगितले तर ते खोटे होईल. घडीचे जे टोक वर होते, तिथून दोन वार कापले. काठाची पट्टी टोपीभोवती फिरवली, उरलेल्याची झूल केली. आरशात धरून पाहिली आणि चक्क खूश झालो.

शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे दौंडसारख्या जंक्शनला जायचे तरी एस.टी.नेच. टोपी मांडीवर उभी धरून बसलो. कंडक्टरने विचारले, "हिचं अर्धं काढू का?" गाडीभर हशा झाला. मीही हसलो.

लेकीने पिशवी उघडली. टोपी हातात घेतली, काठावरून अंगठा फिरवला.

"अण्णा, ही आईची?"

"हो."

"आणि पदरच कापलात?"

पदर कोणता नि आतले टोक कोणते, हे चाळीस वर्षांच्या संसारात मला कधी पाहावे लागले नव्हते. मी तसे बोललो असतो तर आणखी वाईट झाले असते. ती स्वयंपाकघरात गेली. जेवताना जावईबापू गाड्यांच्या उशिरांविषयी बोलत राहिले, बिचारे. रात्री पाहिले तर दिव्याखाली बसून ती टोपीचे कापड पुठ्ठ्यावरून सोडवू बघत होती. माझी खळ पक्की. कापड फाटायला लागले, तेव्हा तिने हात आवरला आणि सुटलेली कड बारीक टाक्यांनी शिवून टाकली.

नाटकात चेटकीण जोरात झाली. शिंक आली, नाक हनुवटीवर घसरले, ते तिने तसेच ठेवून पुढचे वाक्य म्हटले. टाळ्या पडल्या. मी शेजारी पाहिले. लेकीचे डोळे नाकावर नव्हते, टोपीवर होते.

घरी परतताना तिने एकदम विचारले, "किती वार कापलंत?"

"दोन."

"म्हणजे सात उरलं." थोडे चालून गेल्यावर म्हणाली, "सहावारी होईल."

संक्रांतीला मला दौंडला बोलावले. ती चंद्रकळा नेसली होती, पदराला काठ नव्हता. नातीने फर्मान काढले की आईला हलव्याचे दागिने हवेत. लग्नाला बारा वर्षे झालेल्या बाईला! लेक "चल गं" म्हणाली, पण नको म्हणाली नाही. टोपीतला पुठ्ठा उरला होता. मी आणि नात हलवा घेऊन बसलो, आणि खळ पातळ ठेवली.