किशमधले अकरा दिवस

बहिणीचा मुलगा एसी दुरुस्तीचे काम शिकला आहे. परवा तो विचारायला आला. "मामू, एजंट म्हणतो व्हिजिट व्हिसावर चल, वर्क व्हिसा तिकडे गेल्यावर करून देतो. घरी कागद यायची वाट बघत बसलो तर जागा जाईल. काय करू?" मी लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. त्याला किशची हकीकत सांगितली.

२००५ साली बी.एड. झाल्यावर मीही असाच व्हिजिटवर शारजाला गेलो होतो. एका शाळेने उर्दू शिकवायला घेतो म्हणून तोंडी कबूल केले. तेव्हाची रीत अशी की व्हिजिटवर आलेल्याने देशाबाहेर जायचे, मालकाने मागे नोकरीचा व्हिसा काढायचा आणि त्या व्हिसावर नव्याने आत यायचे. ज्यांचा पासपोर्ट वजनदार, ते मोटारीने हत्ताच्या नाक्यावरून ओमानमध्ये जात आणि शिक्का मारून त्याच दिवशी परतत. आम्हा भारतीयांच्या आणि फिलिपिनोंच्या वाट्याला बहुधा किश येई.

किश हे इराणचे छोटे बेट, सुमारे ९० चौरस किलोमीटरचे, पोवळ्याच्या खडकाचे. मुक्त व्यापार क्षेत्र असल्याने तिथे आधी व्हिसा न काढता १४ दिवस राहता येई. "चार दिवसांत व्हिसा फॅक्स करतो," शाळेचा कारकून म्हणाला. मी चार दिवसांचेच कपडे घेतले.

विमान जेमतेम पाऊण तासाचे, पण आत कोणी बोलत नव्हते. १० फेब्रुवारी २००४ ला किशहून शारजाला येणारे फॉकर ५० जातीचे विमान उतरता उतरता कोसळले होते. ४६ पैकी ४३ माणसे गेली. व्हिसासाठी जाऊन परत येणारे कामगार त्यात बरेच होते. आमच्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. विमान टेकले तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि फिलिपिनो मुली पिशवीतले रुमाल काढून डोक्याला बांधू लागल्या.

हॉटेलात एका खोलीत चार खाटा. एक केरळचा सुतार, एक हैदराबादचा ड्रायव्हर, एक नेपाळी आणि मी. खाली काउंटरवर फॅक्सचे यंत्र होते. सगळे हॉटेल त्या यंत्राभोवती जगत होते. त्याची घरघर सुरू झाली की जिन्यावर पावले वाजत. काउंटरवरचा इराणी मुलगा नावे आपल्या उच्चारात वाचायचा, त्यामुळे प्रत्येकाला क्षणभर आपलेच नाव वाटायचे. ज्याचा कागद आला तो रडायचा किंवा चहा पाजायचा. जुम्म्याला तिकडच्या कचेऱ्या बंद, म्हणून त्या दिवशी यंत्राकडे कोणी बघायचेही नाही.

पाचव्या दिवशी मी चालायला सुरुवात केली, कारण खोलीत बसून डोके फिरायची वेळ आली होती. बेट सुंदर आहे, हे कबूल करावे लागेल. पश्चिमेच्या किनाऱ्यावर १९६६ साली रुतलेले एक ग्रीक मालवाहू जहाज गंजत उभे आहे. सूर्य त्याच्यामागे बुडतो, आणि तो बघायला तेहरानची श्रीमंत कुटुंबे येतात. बेटावर वडाची जुनी झाडे आहेत, पारंब्या लोंबणारी, अगदी आपल्या दापोलीकडच्या वडासारखी. सफैन वस्तीत मूळचे अरब राहतात. इराणच्या या किनाऱ्यावरचे सुन्नी आपल्या कोकण्यांसारखेच शाफई. तिथल्या मशिदीत फजरला दुआ-ए-कुनूत झाली तेव्हा मला गावच्या मशिदीत उभे असल्यासारखे वाटले.

शेख सादींच्या 'गुलिस्ताँ'मध्ये याच किशवर भेटलेल्या एका व्यापाऱ्याची हकीकत आहे. दीडशे उंटांचा मालक, रात्रभर सादींना आपले बेत ऐकवतो: इराणचे गंधक चीनला, हिंदचे पोलाद हलबला, आणखी एक सफर, मग दुकानात स्वस्थ बसेन. कॉलेजात ती वाचताना मी हसलो होतो. आमच्या खोलीतही रात्री तेच चाले. दोन वर्षे फक्त, मग घर बांधायचे, मग रिक्षा घ्यायची, मग परत नाही.

आठव्या दिवशी घरी फोन केला. अब्बांनी आधी विचारले, जेवलास का. मग खर्च किती झाला ते विचारले आणि गप्प झाले. १९७८ साली त्यांची एन.ओ.सी. रजिस्टर पोस्टाने गावात आली होती. चार महिने वाट पाहिली. त्या चार महिन्यांत त्यांनी भात लावले, कौले परतली, धाकट्या आत्याचे लग्न उरकले. पोस्टमनला अम्मीने घावन खायला घातले, ते त्याने पुढे वीस वर्षे सांगितले. कागद हातात आल्यावर मगच कर्ज काढून 'द्वारका' बोटीचे तिकीट घेतले. मी कागदाशिवाय निघालो होतो, आणि खाटेचे ४० दिरहम रोज मोजत होतो.

अकराव्या दिवशी माझा फॅक्स आला. शाळेने पदाच्या जागी 'लिपिक' लिहिले होते आणि पगार कबूल केल्यापेक्षा कमी होता. शारजात असतो तर भांडलो असतो, घरी असतो तर कागद परत पाठवला असता. किशमध्ये मी तो छातीशी धरला. हैदराबादच्या ड्रायव्हरचा तेरावा दिवस होता, त्याच्या मालकाने फोन उचलणे बंद केले होते. उरलेले रियाल मी त्याच्या उशीखाली ठेवले. पुढे त्याचे काय झाले ते अल्लाहलाच ठाऊक.

आता किशला जावे लागत नाही, पैसे भरून आतल्या आत व्हिसा बदलता येतो. पण बाकी गोष्ट तीच आहे. भाचा नववीपर्यंत शिकलेला, त्याच्या पासपोर्टवर ईसीआर आहे. नोकरीचा व्हिसा घेऊन इथून निघाला तर ई-मायग्रेटवर नोंद होते, करार तपासला जातो, दहा लाखांचा विमा असतो. व्हिजिटवर गेला तर सरकारच्या लेखी तो फिरायला गेलेला आहे. आपल्या दूतावासानेही व्हिजिटवर कामाला येऊ नका म्हणून वारंवार बजावले आहे.

भाच्याने माझ्यासमोरच एजंटला फोन लावला आणि कंपनीचे ऑफर लेटर आधी घरी पाठवा म्हणाला. साहेब बाहेर गेलेत, संध्याकाळी करा, असे उत्तर आले. त्याने फोन खिशात ठेवला आणि शेजारच्या मास्तरांचा एसी बघायला निघून गेला.