मॉनिटरच्या पाठीवरचे आकडे

मॉनिटर मी पहिल्यांदा पाहिला तो भंडाऱ्यातल्या एका संगणक वर्गात. काळ्या काचेवर पांढरी अक्षरं उमटवणारा तो डबा नऊ पिनांच्या केबलनं संगणकातल्या, चित्र पाठवणाऱ्या हर्क्युलिस कार्डाला जोडलेला असे. पुढे वर्गात व्हीजीए कार्ड आलं. आयबीएमनं १९८७ साली आणलेल्या या पद्धतीत पिना पंधरा. पिना जुळवणारी केबल केली की झालं, असं आम्हा पोरांना वाटलं. सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले : १८.४ आणि ३१.५. सेकंदाला किती हजार आडव्या रेषा काढायच्या, त्याचे ते किलोहर्ट्झमधले आकडे. जुन्या मॉनिटरचं सर्किट पहिल्याच वेगासाठी बांधलेलं. शिवाय त्याला प्रत्येक तारेवर ‘चालू’ की ‘बंद’ एवढंच समजे; व्हीजीएचा रंग मात्र शून्य ते ०.७ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो. पिन बसली म्हणजे जोडणी झाली असं नाही, हे तेव्हा पक्कं कळलं.

तुमसरला डीटीपीचं दुकान टाकलं तेव्हा नागपूरच्या सीताबर्डीवरून १४ इंची रंगीत मॉनिटर आणला. लग्नपत्रिका, राइस मिलची बिलबुकं, झाडीपट्टीतल्या नाटकांची हँडबिलं, सगळं त्यावरच जुळवलं. कार्डं बदलत गेली, मॉनिटर तोच राहिला. नव्या कार्डावर कुणी १०२४ बाय ७६८ आणि ८५ हर्ट्झ निवडलं की चित्र फाटे, आतून बारीक शिट्टी येई. त्या निवडीला ६८.७ किलोहर्ट्झ लागतात आणि पाठीवरच्या स्टिकरवर छापलेलं होतं ३० ते ५०. अशा वेळी आधी मॉनिटर बंद करायचा, नाहीतर आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो. मग एफ-८ दाबून सेफ मोड, ६४० बाय ४८०, ६० हर्ट्झ. तिथून पायरी पायरीनं वर. १०२४ बाय ७६८ हे ६० हर्ट्झवर ४८.४ मध्ये बसतं, पण लुकलुकीनं डोळे शिणतात. म्हणून दिवसभराचं काम ८०० बाय ६००, ७५ हर्ट्झवर.

मॉनिटरनं आपली मर्यादा स्वतःच कार्डाला कळवावी, अशी सोय व्हेसा संस्थेनं १९९४ मध्ये आखली. माझ्या मॉनिटरला ती नव्हती, त्यामुळे त्याच्या वतीनं बोलणं माझ्याकडे आलं. लिनक्स टाकलं तेव्हा स्टिकरवरचे आकडे पडदा चालवणाऱ्या एक्सएफ८६च्या फाइलीत मी हातानं लिहिले. कार्डाला अनेक वेग जमतात, मॉनिटरला मोजकेच. म्हणून ज्याला जास्त जमतं त्यानं जुळवून घ्यायचं. एमएस-सीआयटी करून दुकानात शिकायला आलेल्या पोरांना मी हेच सांगत आलो. बाबांनी उतारवयात मोबाइल हातात घेतला, तेव्हा हाच नियम मला घरातही उपयोगी पडला. माझी बोटं भराभर चालत, त्यांना प्रत्येक चिन्ह वाचून पुढे जायचं असे. मी थांबायला शिकलो आणि ते मोबाइल शिकले.

आताच्या कार्डावर व्हीजीएचं तोंडच नाही. एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १०८० पासून डीव्हीआयमधल्या ॲनालॉग पिनाही गेल्या. साध्या केबलनं भागत नाही. डिजिटल संदेशाचा ॲनालॉग करणारा कन्व्हर्टर मध्ये लावावा लागतो. तो लावला आणि माझ्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ आलं.

ट्यूब मेली असेल तर मॉनिटर भंगारात फोडायला देऊ नका. काचेत शिसं असतं, तो अधिकृत ई-कचरा केंद्रातच जायला हवा. पण नवं कार्ड लावल्यावर पडदा काळा दिसला, एवढ्यावरून ट्यूब मेली असं ठरवू नका. आधी पाठीवरचे आकडे वाचा.